मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस बंद होणार असेल तर देवस्थानाच्या नोंदींचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याजवळच्या तुमच्या देवस्थानात महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) आणि कुळाव्यांची (देवाला कुलदैवत मानणाऱ्या घराण्यांची) यादी, अभिषेकाचं बुकिंग, पावत्या असं सगळं ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्राममध्ये आहे, त्यात तुमची व्यवस्था बांधून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत आणि ॲक्सेस लवकरच बंद पडणार असं कुणीतरी समितीला सांगितलंय. मी म्हापशाचा. पतसंस्था, घाऊक दुकानं, देवस्थानं यांच्यासाठी ॲक्सेसवर काम करूनच माझं घर चाललं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲक्सेस बंद करण्याची कोणतीही तारीख मायक्रोसॉफ्टनं दिलेली नाही. पब्लिशर हा त्यांचाच छपाईच्या मांडणीचा प्रोग्राम बंद करायचं ठरलं तेव्हा त्यांनी ऑक्टोबर २०२६ अशी मुदत आधीच जाहीर केली होती. ॲक्सेस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बहुतेक त्या बातमीचाच कुणीतरी भलता अर्थ लावला असावा. २०२४ च्या आवृत्तीला ऑक्टोबर २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चं वर्गणीतलं ॲक्सेस वेगळं चालूच आहे.

तरी निश्चिंत राहा असं मी म्हणणार नाही. १९९२ साली आलेल्या या प्रोग्रामच्या फांद्या कंपनीनं एकेक करून छाटल्यात. २००७ च्या नव्या फाइल प्रकारात प्रत्येक युजरला वेगळे हक्क देण्याची जुनी सोय गेली. २०१३ च्या आवृत्तीपासून ॲक्सेस ९७ ची फाइल थेट उघडत नाही. ब्राउझरवर चालणारी ॲक्सेस वेब ॲप्स त्याच सुमारास वाजतगाजत आणली आणि एप्रिल २०१८ मध्ये शेअरपॉइंट ऑनलाइन या आपल्या इंटरनेट सेवेवरून काढूनही टाकली. फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्याच नोंदींच्या दुसऱ्या प्रोग्रामची पुढची आवृत्ती येणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झालं, जानेवारी २०१५ मध्ये सपोर्ट संपला, आणि तरी फॉक्सप्रोवर बिलं काढणारी दुकानं मी त्यानंतरही पाहिलीत. प्रोग्राम चालत राहतो, तो दुरुस्त करणारी माणसं आधी संपतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

म्हणून आत्ताच नोंदी आणि प्रोग्राम यांची फारकत करा. फाइलची प्रत काढून ठेवा आणि मगच हात लावा. सगळी टेबलं (म्हणजे नोंदींचे तक्ते) एका फाइलमध्ये, फॉर्म, रिपोर्ट आणि कोड दुसऱ्या फाइलमध्ये, अशी विभागणी ॲक्सेस स्वतःच करून देतं. जत्रेच्या दिवशी दोन काउंटरवरून एकच फाइल वायफायवर उघडत असाल तर ते ताबडतोब थांबवा, केबल ओढून घ्या. मधेच वायफाय तुटलं की फाइल बिघडते, आणि भाविकांची रांग उभी असताना ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ असा संदेश पडद्यावर येतो.

आता कुळाव्यांचं टेबल उघडा आणि त्याचा फॉन्ट बदलून निर्मला किंवा मंगल करून बघा. नावं मराठीतच दिसली तर नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत आहेत, उत्तम. पण ‘शिरोडकर’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर नोंदी श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. नव्वदच्या दशकातल्या आपल्याकडच्या बऱ्याच फाइलींची हीच अवस्था आहे. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे तुमची यादी कुणालाच वाचता येणार नाही, मग ॲक्सेस कितीही वर्षं जगो. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, म्हणून आडनावं कुणा जाणत्या महाजनाला शेजारी बसवूनच तपासा. समितीच्या निवडणुकीला महाजनांची यादी लागते, तिथे एक नाव चुकलं तरी वाद होतो.

यादी शुद्ध झाली की टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या नोंदी साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये न्या. ते फुकट आहे. ॲक्सेसच्या फाइलची मर्यादा २ जीबी, इथे त्याहून बरीच जास्त जागा मिळते. स्थलांतराचं साधनही मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. मराठी मजकुराच्या रकान्याचा प्रकार ‘एनव्हारचार’ (युनिकोड मजकुराचा) हाच असू द्या, साधा ‘व्हारचार’ ठेवलात तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतील. तुमचे पावतीचे फॉर्म आहेत तसेच राहतील, फक्त त्यांची टेबलं नव्या ठिकाणी जोडलेली असतील. कोडमध्ये थोडी डागडुजी लागेल, ती जाणकाराकडून करून घ्या. पावती फाडणाऱ्या संगणकांना पूर्ण ॲक्सेस विकत घ्यायची गरज नाही, तयार फॉर्म नुसते चालवणारं फुकटचं ॲक्सेस रनटाइम पुरतं.

ॲक्सेसऐवजी लिब्रेऑफिस बेस या फुकट प्रोग्रामचं नाव कुणी सुचवलं तर, टेबलं वाचायला ते चांगलं आहे. तुमचे फॉर्म, रिपोर्ट आणि कोड त्यात चालणार नाहीत. मुंबई-कारवारच्या कुळाव्यांना मोबाइलवरून अभिषेक नोंदवायचा असेल तर मात्र ॲक्सेसचा उपयोग नाही, तिथे वेबचा प्रोग्रामच लागेल. टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर असली की तो नंतर सावकाश जोडता येतो. वार्षिक फीवाला कुणी ऑनलाइन पॅकेज घेऊन आला तर समितीच्या मुखत्यारांनी त्याला एवढंच विचारावं, की उद्या आम्ही सोडून गेलो तर सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये (कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये), युनिकोडमध्ये, आमच्या हातात देणार का? करारात तसं लिहून देत नसेल तर घेऊ नका.

हे सगळं आषाढात उरकता आलं तर बरं. श्रावणात सोमवारच्या अभिषेकांची गर्दी सुरू होते आणि दिवाळीनंतर जत्रा. नवी व्यवस्था सुरू केली तरी निदान महिनाभर जुनी फाइल शेजारी चालू ठेवा, आणि रोज संध्याकाळी खजिनदारांकडून दोन्हीकडच्या पावत्यांची बेरीज जुळवून घ्या.