बर्फाखालची वलगण

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपासून सॉल्ट लेक सिटीत राहतो. माझे एक सहकारी दर जानेवारीत बेअर लेकवर जाऊन ‘सिस्को’ नावाचे छोटे मासे हातजाळ्याने काढतात. तळे गोठलेले असेल, तर बर्फाला भोक पाडून काढतात. यंदा त्यांनी आम्हा दोघांनाही बोलावले आहे. परंतु हे मासे अंडी घालण्यासाठी काठाशी आले की तेव्हाच पकडले जातात, हे कळल्यापासून माझ्या पत्नीचे मन तयार होत नाही. तिचे माहेर मालवणचे. पावसाळ्यात माशांची वीण असते, त्या काळात समुद्रात जाळे टाकायचे नाही, हे ती लहानपणापासून पाहत आली आहे. विणीला आलेला मासा पकडून खाणे योग्य आहे का?
(एक वाचक, सॉल्ट लेक सिटी)

उत्तर : तुम्ही जावे, असे माझे मत आहे. पण तुमच्या पत्नीच्या मनात जी शंका आली आहे ती रास्त आहे, आणि तिचे समाधान केल्याशिवाय तुम्ही त्यांना सोबत नेऊ नये, असेही मला वाटते.

बेअर लेक हे युटा आणि आयडाहो या दोन राज्यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1800 मीटर उंचीवर वसलेले तळे आहे. पाण्यात तरंगणाऱ्या चुन्याच्या सूक्ष्म कणांमुळे त्याचा रंग उन्हाळ्यात निळा-हिरवा दिसतो आणि तो पाहायला हजारो पर्यटक येतात. मासेप्रेमींच्या दृष्टीने या तळ्याचे खरे वैभव मात्र त्याच्या तळाशी आहे. येथे माशांच्या चार जाती अशा आहेत, की ज्या निसर्गतः जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाहीत. त्यांपैकी तीन ‘व्हाइटफिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातील आहेत : बॉनव्हिल सिस्को, बॉनव्हिल व्हाइटफिश आणि बेअर लेक व्हाइटफिश. चौथा स्कल्पिन हा तळाशी दगडांत राहणारा लहानसा मासा आहे. या तिन्ही व्हाइटफिशचे शास्त्रीय वर्णन जे. ओ. स्नायडर यांनी 1919 साली केले. नात्याने हे मासे सामन आणि ट्राउट यांचे भाऊबंद, पण त्यांचे तोंड लहान आणि नाजूक असते.

सिस्को हा या तीन व्हाइटफिशमधला सर्वांत लहान मासा. पूर्ण वाढलेला साधारण 7 इंचांचा, म्हणजे आपल्या मुडदुशीएवढा आणि तसाच सडपातळ. चव आणि तेलकटपणा मात्र तारलीच्या जवळचा. वर्षाचे बहुतेक दिवस तो खोल, थंड पाण्यात सूक्ष्म प्राणिप्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खात फिरतो. तळ्याची कमाल खोली सुमारे 63 मीटर आहे, त्यामुळे एरवी तो माणसाच्या हाती फारसा लागतच नाही. जानेवारीच्या उत्तरार्धात मात्र, साधारण दहा-बारा दिवस, त्याचे थवे पूर्व किनाऱ्यावरील ‘सिस्को बीच’ नावाच्या दगडाळ पट्ट्यापाशी अगदी उथळ पाण्यात येतात आणि दगडांच्या फटींत अंडी सोडून परत खोलात जातात. थंड पाण्यात अंडी संथपणे वाढतात आणि वसंतात, प्लवंग वाढू लागतात त्या सुमारास, पिल्ले बाहेर पडतात. म्हणजे एवढ्या कडाक्याच्या थंडीत वीण करण्यामागे पिल्लांच्या पहिल्या घासाचा हिशेब आहे.

पहाटेच्या अंधारात तेथे उभे राहिल्यावर जे दिसते, त्याचे वर्णन करावेसे वाटते. काठापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, जेथे खाली चार ते आठ फूट पाणी आणि दगड आहेत, तेथे बर्फात भोक पाडतात. भोकाच्या कडेला गुडघे टेकून, कंदिलाच्या उजेडात, लांब दांड्याचे जाळे पाण्यात सोडून बसायचे. बराच वेळ काहीच हलत नाही. मग एकाएकी भोकाखालचे पाणी चंदेरी होते, थवा सरकत जातो आणि तेवढ्या दोन-तीन क्षणांत जाळे आडवे ओढायचे. वर आलेल्या नरांच्या कुशीवर विणीच्या दिवसांतच उमटणारा पितळी रंगाचा पट्टा दिसतो. मादी हातात धरली, की पोटावर जरासा दाब पडूनही अंडी ओघळतात आणि हातमोज्याला चिकटून तेथेच गोठतात. बर्फावर ठेवलेला मासा काही मिनिटांतच काठीसारखा कडक होतो, आणि जाळ्याची ओली दोरी तर त्याच्याही आधी.

आता तुमच्या पत्नीच्या शंकेकडे वळतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै या काळात मासेमारीबंदी असते. तिचे एक कारण खवळलेला समुद्र हे आहे. पण दुसरे कारण असे, की यांत्रिक नौकेचे जाळे मोठे असते, त्यात एकाच वेळी अनेक जातींचे, अनेक वयांचे मासे सरसकट येतात, आणि विणीच्या हंगामात असे जाळे फिरत राहिले, तर किती मासे अंडी न घालताच संपले, याचा हिशेब कोणालाच लागत नाही. म्हणून समुद्रच काही काळ मोकळा सोडायचा. हा नियम शहाणपणाचा आहे आणि तो पाळला गेलाच पाहिजे. बेअर लेकवर तेच उद्दिष्ट वेगळ्या मार्गाने साधलेले आहे : पकडीचे साधन आणि पकडीची संख्या, दोन्ही बांधून टाकलेली आहेत. युटाच्या नियमांनुसार जाळे हातात धरण्याचेच असावे लागते, त्याच्या तोंडाची रुंदी 18 इंचांहून अधिक चालत नाही आणि एका माणसाला दिवसाला 30 सिस्को, एवढीच मुभा असते. युटा किंवा आयडाहो यांपैकी एका राज्याचा परवाना असला, तर या तळ्यावर दोन्ही बाजूंना मासे पकडता येतात. परंतु दोन परवाने घेतले म्हणून मर्यादा दुप्पट होत नाही. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चालू वर्षाची पुस्तिका अवश्य वाचा.

या माशाला खरा धोका ज्या गोष्टीपासून आहे, ती हातजाळ्यापेक्षा मोठी आहे. तळ्याच्या तळाचा बहुतेक भाग वाळू आणि चुनखडी गाळाचा आहे. अंडी सुरक्षित राहतील असे दगड केवळ काठाच्या अरुंद पट्ट्यात आहेत. 20व्या शतकाच्या सुरुवातीला बेअर नदी कालव्यांनी या तळ्याला जोडण्यात आली आणि तेव्हापासून तळ्याच्या वरच्या सुमारे 21 फुटांच्या थराचा उपयोग मुख्यतः शेतीच्या पाण्याची साठवण म्हणून होतो. सलग दुष्काळी वर्षांत पाणी उपसत गेले, की हाच दगडाळ पट्टा उघडा पडतो आणि विणीला आलेल्या माशासमोर वाळू उरते. तीस मासे नेणाऱ्या माणसामुळे तळ्याचे जेवढे नुकसान होईल, त्याच्या कितीतरी पट नुकसान हे दगड कोरडे पडल्याने होऊ शकते. तुमच्या पत्नीला ही बाजू जरूर सांगा. त्यांची चिंता योग्य आहे, तिचा रोख तेवढा बदलायला हवा.

माझे स्वतःचे एक मत यात जोडतो, ते नियमांत नाही. तीसची मर्यादा म्हणजे तीस न्यायलाच हवेत, असे नाही. चार माणसांच्या घराला एका जेवणासाठी बारा-पंधरा सिस्को पुरतात. तेवढे झाले, की जाळे बाहेर काढावे आणि उरलेली पहाट केवळ पाहण्यात घालवावी.

बर्फाविषयी एक गोष्ट निक्षून सांगतो. माणसाने पायी जाण्यासाठी निदान 4 इंच जाडीचा, नवा आणि पारदर्शक बर्फ असावा, असे तेथील जाणकार मानतात. पांढरा, बर्फ भुरभुरून बनलेला थर त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरावा. बेअर लेक मोठे आणि वाऱ्याचे तळे असल्याने ते दर वर्षी पूर्ण गोठतेच असे नाही, आणि गोठले तरी सगळीकडे सारखे गोठत नाही. काठच्या दगडांपाशी बर्फ विशेष फसवा असतो. सहकारी अनुभवी असले, तरी दर काही पावलांवर जाडी पाहूनच पुढे जा. बर्फ भरवशाचा नसेल, तर लोक रबरी विजार घालून काठाच्या पाण्यात उभे राहूनही सिस्को काढतात, त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न : आमच्याकडे रायगडात पहिल्या पावसात नदीचे मासे ओढ्यांतून आणि शेतांतून वर चढतात. आम्ही त्यांना वलगणीचे मासे म्हणतो आणि तेही गाबोळीने (अंड्यांनी) भरलेले असतात. परदेशात अशा माशांना मर्यादा आहेत, तर आम्हीही वलगणीला थांबावे का?
(एक वाचक, पेण तालुका)

उत्तर : हा प्रश्न वरच्या प्रश्नाशेजारी छापतो, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे. वलगण आणि सिस्कोचा थवा यांत एक महत्त्वाचा भेद मात्र लक्षात घ्यावा. सिस्को मैलभर पसरलेल्या दगडाळ किनाऱ्यावर कोठेही अंडी घालू शकतो. दहा माणसे जाळे घेऊन बसली, तरी बाकीचा किनारा मोकळा राहतो. वलगणीचा मासा अरुंद ओढ्यातून चढतो. मळे, खवली, शिंगटी, सारे एकाच चिंचोळ्या वाटेने येतात आणि तेथे आडवा बांध घालून किंवा सापळा लावून ठेवला, तर त्या पावसातली सबंध वीण एका रात्रीत पाटीत येऊ शकते. हाताने किंवा लहान जाळ्याने घरापुरते मासे घेणे मला गैर वाटत नाही. ओढ्याची पूर्ण रुंदी अडवणे, विष किंवा विजेचा धक्का वापरणे हे मात्र मला सर्वस्वी अमान्य आहे. सापळा लावायचाच असेल, तर निम्मा ओढा मोकळा ठेवा, आणि पहिल्या जोराच्या पावसातले मासे वर जाऊ द्या.

प्रश्न : सिस्कोसारखे व्हाइटफिश कच्चे खाता येतात का? आणि त्यांची गाबोळी आपल्या पद्धतीने कशी करावी?
(एक वाचिका, बॉइझी, आयडाहो)

उत्तर : कच्चे खाऊ नका. थंड प्रदेशातील गोड्या पाण्याच्या माशांत पट्टकृमीच्या (टेपवर्मच्या) अळ्या असू शकतात. त्या आतड्यात वाढल्या, तर कधीकधी ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते. मीठ, लिंबू किंवा व्हिनेगर यांवर त्यासाठी विसंबता येत नाही, आणि घरच्या घरी थंड धुरी दिलेल्या माशावरही नाही. मासा आतपर्यंत निदान 63 अंश सेल्सियसपर्यंत तापला पाहिजे, किंवा कच्चा खायचाच असेल, तर उणे 20 अंशांत सलग 7 दिवस गोठवलेला असला पाहिजे. घरातले फ्रीजर अनेकदा तेवढे थंड नसतात.

सिस्को लहान असल्याने अख्खाच करावा. खवले सुटे असतात, बोथट सुरीने सहज निघतात. पोट साफ करून, हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवावा. मग तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवून कमी तेलावर तळावा. मासा मुळातच तेलकट असल्याने मसाला बेताचा असावा. काटे बारीक असतात, मुलांना देताना मधला काटा आधी ओढून काढा.

गाबोळीविषयी एक अडचण तुम्हाला जाणवेल. आपल्याकडे बाजारात मिळणारी गाबोळी घट्ट असते, कारण ते मासे अजून विणीला पूर्ण तयार झालेले नसतात आणि अंडी पिशवीत बांधलेली असतात. काठाशी आलेल्या सिस्कोची अंडी सुटी झालेली असतात आणि सुरी लावताच वाहून जातात. म्हणून मासा वाटीवर धरूनच कापावा. जमलेल्या अंड्यांना मीठ, हळद, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि दोन चमचे बेसन लावून त्याच्या लहान वड्या तव्यावर, झाकण ठेवून, मंद आंचेवर शेकाव्यात. झाकण विसरू नका. तापलेल्या तेलात ही अंडी फुटतात आणि तेलाचे शिंतोडे हातावर येतात.