मायक्रोनीडलमध्ये सुई कुठाय, ते तर कुसळ

प्रश्न असा आलाय: मुलीने कोरियन सीरम मागवलं, खोक्यावर ‘नॅचरल मायक्रोनीडल’ लिहिलंय, आणि विकणारी म्हणाली की हे ॲक्युपंक्चरसारखंच आहे, फक्त घरच्या घरी. मग ॲक्युपंक्चरला काही जण सूचिवेध म्हणतात तसं याला ‘सूक्ष्म सूचिवेध’ म्हणावं का, आणि दोन्हीकडे ‘टोचणे’ हेच क्रियापद चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. अडचण मराठीची नाहीये, त्या बाटलीत सुईच नाहीये ही अडचण आहे.

बाटलीत असतात स्पंजाच्या सांगाड्याचे तुकडे. स्पंज म्हणजे भांडी घासायचा पिवळा तुकडा नव्हे, पाण्यात राहणारा जिवंत प्राणी (हो, प्राणी, त्यामुळे ‘नॅचरल’ वाचून कुणी वनस्पती समजत असेल तर तसं नाही). त्याच्या अंगात काचेच्या जातीच्या, म्हणजे सिलिकाच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या बारीक काड्या असतात, त्यांना इंग्रजीत स्पिक्युल म्हणतात. स्पंज वाळवून, धुऊन, बाकीचा मऊ भाग काढून टाकला की या काड्या उरतात आणि त्याच सीरममध्ये किंवा क्रीममध्ये घालतात. खोक्यामागच्या यादीत बहुतेक वेळा ‘हायड्रोलाइज्ड स्पंज’ असं सापडेल. आणि हे काही काल कोरियात लागलेले शोध नाहीत बरं का, रशियात गोड्या पाण्यातल्या वाळवलेल्या स्पंजाची पूड ‘बद्यागा’ नावाने मुका मार लागला की लावायचे आणि गावाकडच्या पोरी गाल लाल दिसावेत म्हणून तीच गालाला चोळायच्या. आपल्याकडे होमिओपॅथीच्या दुकानात ‘बडियागा’ मिळतं ते याच स्पंजापासून.

आता लावल्यावर काय वाटतं ते सांगतो कारण सगळा शब्द तिथेच दडलाय. भाचीने आणलेल्या बाटलीतले दोन थेंब मी हाताच्या पाठीवर घेतले. नुसते ठेवले तर काही नाही, साधं पाणी. चोळायला लागलो तसं चुरचुरायला लागलं, आणि धुतल्यावरही नुसतं बोट फिरवलं की पुन्हा तेच, आणि ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. मला लगेच आठवलं ते लहानपणी मामाकडे कडब्याच्या पेंढ्या उचलून गंजीवर द्यायचो ते, रात्री हातांना काही दिसत नाही पण गोधडी लागली की चुरचुर. भाचीला हे सांगितलं तर म्हणे मामा तुला प्रत्येक गोष्टीत कडबाच कसा दिसतो.

पण दिसतोच, कारण याला मराठीत शब्द आहे आणि तो सगळ्यांना येतो: कुसळ. गव्हाच्या ओंबीला असतं ते, गवताच्या बीला असतं ते, आणि दुसऱ्याच्या डोळ्यातलं दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही त्यातलं ते. आता गंमत बघा, स्पिक्युल हा शब्द लॅटिन ‘स्पिका’चं लहानखुरं रूप आहे, आणि स्पिका म्हणजे टोक, धान्याचं कणीस, ओंबी. आकाशातला चित्रा तारा, इंग्रजीत त्याचं नाव स्पिका, ते कन्येच्या हातातल्या ओंबीवरूनच. म्हणजे तिकडे ओंबीपासून शब्द निघाला तो या काचेच्या काड्यांपर्यंत आला, आणि आपल्याकडे ओंबीवर बसलेला शब्द आयता तयार आहे. हिंदीतल्या शास्त्राच्या पुस्तकांत याला ‘कंटिका’ म्हणतात, वाईट नाही, पण मला विचाराल तर काटा जरा मोठा होतो, काटा डोळ्याला दिसतो आणि चिमट्यात सापडतो.

क्रियापदाचं बघू, कारण खरी मजा तिथे आहे. सुई टोचतात. म्हणजे टोचणारा कुणीतरी असतो, त्याचा हात असतो, सुई आत जाते आणि तोच हात ती बाहेर काढतो. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात ते त्या हातासाठी. लस टोचतात, देवी टोचायचे, सगळीकडे टोचणारा आहे. काटा टोचतो असंही आपण म्हणतो म्हणा, तिथे हात नाही, पण तेही त्या एका क्षणापुरतंच. कुसळाला टोचणं पुरत नाही, कुसळ रुततं. माळावरचं कुसळी गवत ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, पायमोज्यात घुसलं की चालता चालता आत आत जातं, काढायला गेलं तर टोक मोडून आत राहतं, आणि त्याच्या शेपटीला ओल लागली की ती पीळ बदलते आणि बी जणू स्क्रूसारखं फिरतं, मेंढ्यांच्या कातडीत जातं ते असंच. सीरमचं कुसळ असं फिरत बिरत नाही, तुम्ही चोळता म्हणून आडवंतिडवं कातडीच्या वरच्या थरात रुतून बसतं, तिथे दोन-तीन दिवस राहतं आणि कातडीच्या मेलेल्या पापुद्र्याबरोबर झडून जातं. तोवर बोट लागलं की बोचतं. डोळ्यात गेलं तर खुपेल (डोळ्याजवळ लावूच नका). सलणं मात्र इथे नको, सलतं ते आत खोल आणि बहुतेक वेळा मनात. तर मी असं म्हणेन की सुई टोचतात, कुसळ रुततं आणि मग बोचतं.

ॲक्युपंक्चरकडे येऊ. हा शब्द लॅटिन: अॅकस म्हणजे सुई आणि पुढचं पंक्चर तेच जे आपण कोपऱ्यावरच्या दुकानात ‘काढून’ आणतो. (झालेलं पंक्चर ‘काढणं’ हा मराठीचा स्वतःचा शोध, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) जपानात नागासाकीला डच कंपनीचा डॉक्टर होता विलेम टेन राइना, त्याने 1683 च्या आपल्या लॅटिन पुस्तकात हा शब्द वापरला आणि युरोपभर तोच चालला. चिनी लोक स्वतः जे नाव घेतात त्यात दोन गोष्टी असतात, सुई आणि शेक. शेक देतात तो दवण्याच्या कुळातल्या एका पाल्याचा. लॅटिन नावात शेक गळला आणि नुसती टोचाटोची उरली, त्यामुळे ‘सूचिवेध’ हे भाषांतराचं भाषांतर आहे हे लक्षात ठेवा. चुकीचं नाही, फक्त अर्धं आहे. आपल्याकडे हे शास्त्र आलं तेही एका ओळखीच्या गोष्टीला जोडून, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. महाराष्ट्राने तर 2015 मध्ये ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदाच केला, आणि लोकांच्या तोंडी ॲक्युपंक्चर हाच शब्द आहे, ‘सूचिवेध करून आलो’ असं मी तरी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

मापं घेतली तर दोन्ही एक नाहीत हे लगेच कळतं. ॲक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाड असते, आणि स्पंजाचं कुसळ साधारण तेवढंच लांब. म्हणजे कुसळाची लांबी तीच सुईची जाडी. सुई जागेप्रमाणे काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटर आत जाते, नेमक्या बिंदूवर, शास्त्रात असे 361 बिंदू मोजलेले आहेत, वीस-तीस मिनिटं ठेवतात आणि काढतात, औषध काही आत सोडत नाहीत. कुसळाला बिंदू-बिंदू काही माहीत नाही, हजारोंनी पसरतं, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात भोकं पाडतं आणि त्यातून बाकीचं सीरम आत मुरावं एवढाच त्याचा धंदा. एकात सुई हाच इलाज, दुसऱ्यात कुसळ नुसतं वाट करून देतं. विकणारीला दोन्हीत टोक दिसलं आणि तिने जोडून टाकलं.

तसं नावात सुई आणि कामात नाही हा घोटाळा जुनाच. ॲक्युप्रेशर घ्या, त्यातही तीच अॅकस म्हणजे सुई बसलीय, आणि सुई तर नाहीच, अंगठा आहे. बागेत गोटे बसवलेल्या वाटेवर अनवाणी चालणारे आजोबा सुईच्या नावाखाली चालतायत हे त्यांना सांगायला जाऊ नका.

‘सूक्ष्म सूचिवेध’ हा तुमचा शब्द वाया जाऊ नये असं वाटत असेल तर त्याला जागा आहे. स्किनच्या डॉक्टरकडे डर्मारोलर किंवा पेनने जे करतात त्यात खरोखरच्या बारीक सुया असतात, धरणारा हात असतो, टोचलं की लगेच बाहेर येतात. ते मायक्रोनीडलिंग, तिथे हा शब्द चपखल बसतो. आजीला समजावायचं तर ‘शाई नसलेलं गोंदण’ म्हणा, तिला एका वाक्यात कळेल. बाटलीतल्याला मात्र कुसळांचं सीरम. कंपनी असं कधी छापणार नाही हे मलाही कळतं, कुसळ म्हटल्यावर कोण पैसे देऊन तोंडाला लावेल.

आणि खाली कुणीतरी विचारेलच म्हणून, सूचिवेध की सूचीवेध: संस्कृतात सूचि आणि सूची दोन्ही आहेत, त्यामुळे समासात ऱ्हस्व लिहिलंत तरी चूक नाही, दीर्घ लिहिलंत तरी नाही. मी ऱ्हस्व लिहितो, दीर्घ बघितलं की मला ग्रंथसूची आठवते आणि वाटतं कुणीतरी यादीलाच भोकं पाडतंय.