कच्ची अंडी पिऊन बायोटिन कमी होतं का?

बेळगावात तालमीला जाणारा तुमचा भाऊ रोज सहा कच्ची अंडी दुधातून पितो, केस गळतायत, बायोटिनची (ब-७ जीवनसत्त्वाची) गोळी द्यावी का, असं विचारलंय. आधी अंडी उकडून द्या! कच्च्या पांढऱ्यात ॲविडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिनला इतकं घट्ट धरतं की आतड्यात ते शोषलंच जात नाही. मग चरबी-साखरेच्या चयापचयातली, बायोटिनवर चालणारी पाच एन्झाइम्स अडतात. उकडल्यावर ॲविडिनची पकड बरीच सुटते. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, तेही बलक-शेंगदाण्यांतून मिळतं. नाकातोंडाभोवती लाल चट्टे असतील तर डॉक्टरांना दाखवाच. गोळी घेतलीच, तर थायरॉईड तपासणीआधी लॅबमध्ये सांगा. मोठ्या डोसने रिपोर्ट चुकू शकतो.