“ताई, अंगावर पाजू का?”

परवा पुन्हा तोच फोन. तापाने फणफणलेली बाळंतीण, तीन आठवड्यांचं बाळ, आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेऊन विचारलेला प्रश्न: “ताई, मला ताप आहे. अंगावर पाजू का?”

उत्तर छोटं आहे आणि मी ते आधी देऊन टाकते. पाज. साबणाने हात धू, तोंडाला मास्क लाव आणि पाज. सर्दी, फ्लू, कोविड यांत अंगावरचं दूध तोडायची गरज नसते. आजाराशी झगडताना आईच्या अंगात जी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात, ती दुधावाटे बाळालाही मिळतात. धाप लागत असेल, उठवतच नसेल, तर दूध पिळून वाटीत काढावं आणि घरातल्या धडधाकट माणसाने चमच्याने पाजावं. काही मोजके आजार आणि औषधं याला अपवाद आहेत, ते डॉक्टर सांगतात.

पण एवढंसं उत्तर घराच्या आत पोचायला कधीकधी आठवडा लागतो. मी बाळंतिणींसाठी फोनवर समुपदेशन करते. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, कराड तालुक्यातल्या एका घराने मला हे शिकवलं. नाव आणि काही तपशील बदलून सांगते.

सुमन तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी वडील मार्चमध्येच पॉझिटिव्ह आले होते, म्हणून ती सासरीच राहिली. नवरा चाकणला कंपनीत. मुलगी झाली, पावणेतीन किलोची, नॉर्मल. पाचव्या दिवशी सुमनला खोकला सुरू झाला, सातव्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्या दिवसापासून सुमन माडीवर आणि मुलगी खाली सासूबाईंजवळ. सव्वा महिना होईस्तवर लेकरू तिच्याकडे द्यायचं नाही, असं घरात ठरलं.

गावातल्या आशा कार्यकर्तीने, म्हणजे आशाताईंनी, माझा नंबर दिला तेव्हा पंधरावा दिवस होता. सुमन आधी बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “सुरुवातीला ब्लाउज भिजून जायचा. छाती दगडासारखी व्हायची, कणकण यायची. घरच्यांना वाटायचं करोना वाढला. मी दूध पिळून मोरीत टाकायचे. खालून ती रडली की इकडे आपोआप पान्हा यायचा. कालपासून ती रडतीय, पण मला दूध येत नाही. तिनं मला सोडलं, ताई.”

दूध मोरीत टाकायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते बाधलेलं असणार, असं ती स्वतःच धरून चालली होती.

पुढे ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, “मी नसले तरी घर चालतंयच की.” असं वाक्य कानावर आलं की मी ते सोडून देत नाही. सरळ विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, असा लोकांचा समज आहे. तसं होत नाही. विचारल्यावर बाईला हायसं वाटतं, इतकंच मी आजवर पाहिलं आहे. सुमन म्हणाली, “तसं नाही. पण झोपावं आणि उठूच नये, असं वाटतं.” त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याशी बोलले आणि रात्री तिला व्हिडिओ कॉल लावून ठेवायला सांगितलं. ती माडीवर एकटी झोपत होती.

सासूबाईंशी बोलताना पहिल्या दिवशी माझं चुकलं. मी माहितीच देत बसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालीच सांगितलंय की कोविड झालेल्या आईने बाळाला जवळ घ्यावं, अंगावर पाजावं. मुंबईच्या नायर रुग्णालयात अशा शेकडो आयांची बाळंतपणं सुखरूप झाली आहेत. सगळं खरं होतं. त्या “व्हय, व्हय” म्हणत राहिल्या आणि काहीही बदललं नाही. पाळण्याला त्यांनी कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधली होती. त्या दिवसांत ती मोबाइलवरून घरोघर पोचली होती, ऑक्सिजन वाढतो म्हणून. ऑक्सिजन तिने वाढत नाही, आणि तान्ह्या बाळाला कापूर घातक असतो, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ती तेवढी काढायला लावली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वेगळं विचारलं. “मावशी, या आजारात तुमच्या घरचं कुणी गेलं का?”

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, आदल्या वर्षी सप्टेंबरात. “चादरीत नव्हं, पलास्टिकात बांधून नेला. तोंड बी दावलं न्हाई. ऑगस्टात मी राखी बांधाय गेले हुते त्याला. मला जरा खोकला हुता तवा.” मग आवाज चिरला. “माझ्याकडनंच गेलं असंल त्याला, ताई. आन् उद्या ह्या पोरीला काय झालं, तर सुमननं काय करायचं? जन्मभर माझ्यागत झुरत बसायचं?”

माडीवरच्या सुमनला वाटत होतं सासू लेकरू हिसकावून बसली आहे. आणि सासू सुनेला त्याच ओझ्यापासून वाचवू बघत होती, जे ती स्वतः आठ महिने कुणाला न सांगता वाहत होती. राखीच्या वेळचा खोकला आणि भावाचा आजार यांत महिन्याभराचं अंतर होतं, त्यामुळे त्यांच्याकडून लागण झाली असण्याची शक्यता फारच कमी, हे मी त्यांना दिवस मोजून दाखवलं. ते त्यांना किती पटलं कोण जाणे. पण भावाबद्दल अर्धा तास बोलून झाल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, “मग पोरीचं काय करायचं म्हणता?”

मग मी बाळाची चौकशी केली. पावडरचं दूध बाटलीतून, आणि डबा महाग म्हणून मापापेक्षा पातळ. दोन दिवस शी पातळ. लघवी दिवसातून चार वेळा. या वयात सहा तरी हवी. आशाताईंनी घरभेटीत वजन केलं होतं, ते भरलं २ किलो ५५०. दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनाला परत यायला हवं, ही दोनशे ग्रॅम खालीच होती. एप्रिलच्या उन्हात पातळ दूध आणि नीट न उकळलेली बाटली यांनी तान्ह्या बाळाला जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि ते कोविडपेक्षा कितीतरी लवकर जिवावर बेततं. पोरीला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आणलं.

सुमनचा खोकला सुरू होऊन दहा दिवस झाले होते, तापही उतरला होता. सोळाव्या दिवशी लेक माडीवर गेली. खिडक्या उघड्या, सुमनच्या तोंडाला मास्क, हात धुतलेले. बाळाला मास्क नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला तो कधीच लावायचा नसतो, श्वास कोंडतो. बाटली बंद केली. वरचं दूध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने, वाटी-चमच्याने. आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आधी छातीला लावायचं, मग वाटी.

तुटलेलं दूध परत येतं का, असं मला फार जणी विचारतात. बहुतेक वेळा येतं. ते येतं बाळाच्या चोखण्याने. जितकं चोखेल तितकं. पहिले दोन दिवस मात्र पोरगी तोंड फिरवून किंचाळायची. बाटलीची सवय लागलेली, बाटलीला जोर लावावा लागत नाही. सुमन फोनवर रडत म्हणाली, “बघा, तिला मी नकोच.” तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. तोंडाला पदर बांधून त्या दारात उभ्या होत्या. “वाकू नगंस. पाठीला उशी घे. पोरगी छातीकडं आण, छाती पोरीकडं नेऊ नगंस. आता थेंबभर पिळून तिच्या ओठाला लाव.” मी गप्प राहिले. एवढं नेमकं मला फोनवरून सांगता आलं नसतं.

हळिवाची खीरही सुरू झाली. खिरीने दूध वाढतं असं मी म्हणणार नाही. पण कुणीतरी आपल्यासाठी गरम काही करून जिना चढून येतं, याने बाळंतीण सावरते, हे मात्र खात्रीने म्हणेन. आठवड्यात पावडर निम्म्यावर आली. पूर्ण बंद व्हायला तिसरा महिना उजाडला, आणि त्यात सुमनचा काहीही दोष नव्हता. बेचाळिसाव्या दिवशी वजन भरलं ३ किलो ३००.

लेक कुशीत आली म्हणून सुमनचं मन लगेच थाऱ्यावर आलं नाही, हे मुद्दाम लिहिते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेक बायकांना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. सुमनचं पाचव्या आठवड्यातही ओसरलं नव्हतं. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, जेवणावर वासना नाही. हे नैराश्य होतं आणि त्यावर उपचार होते. मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिडिओवर तपासून अंगावर पाजताना चालेल असं औषध दिलं. औषध चालू म्हणून पाजणं एकदाही थांबवावं लागलं नाही. आज असं कुणाचं होत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, रात्रीबेरात्रीही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो सुरू झाला. तेव्हा आमच्या हाताशी नव्हता.

सहा आठवड्यांची लस मे अखेरीस आली, तेव्हा गाव बंद होतं आणि सासूबाईंना उपकेंद्रातल्या गर्दीची धास्ती. जूनमध्ये गेले. उशीर झाला म्हणजे पहिल्यापासून सुरुवात का, असं त्यांनी विचारलं. नाही, राहिलं तिथून पुढे द्यायचं. पण द्यायचंच. भारतात त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली बाळं २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती, २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली, त्यांतल्या अनेकांची लस राहून गेलेली होती. ते वाचताना मला सुमनच्या मुलीचं कार्ड आठवत होतं.

स्तनदा मातांना कोविडची लस द्यायला १९ मे २०२१ ला परवानगी मिळाली, पण आजार होऊन गेला असेल तर तीन महिने थांबून. त्यामुळे सुमनचा लशीचा नंबर जुलैअखेर लागला. तिने फोन केला, “लस घेतल्यावर किती दिवस पाजायचं नाही?” एकही दिवस नाही, मी म्हटलं, घरी आलीस की लगेच पाज.

मग फोन सासूबाईंनी घेतला. सगळ्या गल्लीची लस झाली होती, त्यांची नव्हती. “आन् मी घिऊ का, ताई? मला साखर हाय. भावाला मिळाली न्हाई ती मी कशी घ्यायची, म्हणून ऱ्हायले हुते.”

त्या दिवशीचा बाकीचा फोन त्यांच्याशीच झाला.