पाळणाघरातली बार्बी आणि श्रीखंडाचा डबा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी घाईत "सांगते नंतर" म्हणाले. पातेल्यात दूध होतं, दारात एक बाबा लेकीला न्यायला उभे होते. आता निवांत बसून लिहिते.

कुणा आईने लेक मोठी झाली म्हणून पिशवीभर बार्ब्या तुझ्या पाळणाघरात आणून दिल्या. आता मुलं दिवसभर त्याच मागतात, रोज भांडणं होतात आणि दुसरी एक आई म्हणते, असल्या नटव्या बाहुल्या लहान मुलींच्या हातात नकोतच. त्या पिशवीचं काय करू, असं तू विचारतेस. ठेव. पण काढायच्या कधी, कुठे आणि कशा, ते आधी ठरव. बावीस वर्षं मी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवतेय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. नियम बुटांना, कात्रीला, जागेला आणि वेळेला करावेत. बाहुली आज डॉक्टर आहे की नवरी, तिचं कुणाशी भांडण झालं, ती रडते का, हे मुलांचं मुलांनी ठरवावं.

आधी बुटांचं सांगते, कारण त्यापायी मला झोप लागली नव्हती.

माझ्याकडे तेव्हा चौदा महिन्यांचा एक मुलगा होता, नुकता पावलं टाकायला लागलेला. मोठ्या मुली जमिनीवर चटई टाकून बाहुल्यांचा फॅशन शो करत होत्या. मी दहा पावलांवर पोळ्या लाटत होते. हा दिवाणाच्या कडेला धरून शांत उभा होता. इतका शांत की मला ते खटकलं. जवळ जाऊन बघितलं तर तोंडाची हालचाल चालू होती. हनुवटी धरून तोंड उघडलं. गालाच्या आत, हिरडीला चिकटून, गुलाबी टाचेचा एक बूट. माझ्या नखाएवढा. दिसत होता म्हणून करंगळीने अलगद ओढून काढता आला. तो मुलगा हसला, त्याला काही कळलंच नाही. मी मात्र लाटणं हातात धरून किती वेळ तशीच बसून होते.

त्या दिवसापासून बूट, पर्सा, कानातले, मुकुट, चष्मे, सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आणि डबा कपाटावर. डबा उघडताना मोजायचं, बंद करताना मोजायचं. मोजायचं काम मुलांना दे, त्यांना ते आवडतं. एक जरी कमी निघाला तरी सगळ्यांनी मिळून शोधायचा. तो सापडेपर्यंत रांगणारी मुलं जमिनीवर सोडायची नाहीत, हे मात्र तू पाळायचंस. कुठली वस्तू धोक्याची ते ओळखायला सोपं माप आहे. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कुठलाही सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला तर ते खेळणं नापास. पूर्वी फोटोच्या रोलची डबी यायची, साधारण तेवढी. तुझ्या आईकडे एखादी पडलेली असेल, मागून घे. बार्बीचा बूट त्यात खुळखुळतो.

आणि एक शिकून घे, आजच. वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला श्वास घेता येत नसेल, रडूही फुटत नसेल, तर आंधळेपणाने बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. पालथं हातावर घेऊन, डोकं खाली ठेवून, पाठीवर पाच थापट्या, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. मोठ्या मुलांसाठी पद्धत वेगळी आहे. ती एखाद्या प्रथमोपचाराच्या वर्गात जाऊन प्रत्यक्ष हाताने शिक, वाचून येत नाही.

वेळ मी दुपारची ठेवली. शाळेतून मोठी मुलं साडेबाराला येतात, जेवतात, आणि एक ते तीन धाकटी झोपलेली असतात. बार्ब्या तेव्हाच निघायच्या, त्याही आतल्या खोलीतल्या दिवाणावर, जमिनीवर नाही. धाकटी उठली की पिशवी बंद. यात आणखी एक फायदा झाला. झोपलेल्यांमुळे खेळ आपोआप हळू आवाजात व्हायचा, आणि हळू आवाजात मुलं फार सुंदर खेळतात.

पिशवीतल्या बाहुल्या एकदा नीट तपास. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या नकली बाहुल्या आतून पोकळ असतात, हात उपटला की सांध्याची कड बोटाला लागते. तसल्या काढून टाक. नवी घेतलीस तर खोक्यावर आयएसआयची खूण बघ. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. हात-पाय चावलेल्या बाहुल्याही टाक. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात सगळ्यांची आंघोळ. बस.

केसांचं मात्र मनावर घे. मुली बाहुलीचा कंगवा स्वतःच्या केसांत घालतात, मग मैत्रिणीच्या. एकीच्या डोक्यात उवा निघाल्या की आठवड्यात चौघींच्या निघतात आणि आया तुझ्याकडे बघतात. म्हणून बाहुलीचा कंगवा बाहुलीलाच. गुंता झाला तर कोमट पाण्यात चमचाभर कंडिशनर घालून केस भिजव आणि टोकापासून वर वर विंचर. मुळाकडून ओढलंस तर केस पुंजक्याने हातात येतात.

कात्रीसाठी मी एक बाहुली वेगळी काढली होती, "पार्लरची". तिचे केस कापायला सगळ्यांना मुभा. बाकी कुणाच्या केसांना कात्री लावायची नाही. मुलाला केस कापून बघायचेच असतात. ते पुन्हा उगवत नाहीत हे त्याला कापल्यावरच पटतं. पार्लरची बाहुली दोन महिन्यांत टकली झाली, आणि मग तिला आजारी करून सगळ्यांनी मनापासून तिची सेवा केली.

घरून आणलेल्या बाहुलीचा नियम कडक ठेव. घरची बाहुली दप्तरात झोपणार, पिशवीतल्या बाहुल्या सगळ्यांच्या. मी सुरुवातीला हे सैल सोडलं. एका मुलीच्या नव्या बाहुलीचा मुकुट तुटला. तिच्या बाबांचा रात्री दहाला फोन आला, ज्याच्या हातून तुटला त्या मुलाची आई रडली, आणि दोन्ही घरं पुढे महिनाभर जिन्यात एकमेकांकडे बघत नव्हती. हा नियम पालकांना पहिल्याच दिवशी, फी सांगतानाच सांग. नंतर सांगितला की तो आपल्यालाच उद्देशून आहे असं ज्याला-त्याला वाटतं.

आता त्या आईचं म्हणणं. ते उडवून लावू नकोस, त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये ५ ते ८ वर्षांच्या १६२ मुलींना बाहुल्यांची चित्रं दाखवून केलेला एक अभ्यास २००६ साली छापून आला होता. बार्बीची चित्रं बघितलेल्या लहान मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल कमी समाधान वाटलं आणि आणखी बारीक व्हावंसं वाटलं. तेव्हा बाहुलीची कंबर बघून "कशी छान बारीक आहे ना" असं तुझ्या तोंडून चुकूनही जाऊ नये. मुलांसमोर स्वतःच्या वजनाबद्दलही बोलू नकोस. पण दुसरी बाजूही बघ. ही बाहुली अमेरिकेत ९ मार्च १९५९ ला बाजारात आली. रूथ हँडलर या बाईंची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायकांच्या भूमिका द्यायची, आणि ते बघून त्यांना ही कल्पना सुचली. बाळबाहुली हातात आली की मुलगी आई होते. मोठी बाहुली हातात आली की ती पुढची कोण होणार ते खेळून बघते. आपल्या भातुकलीत हेच होतं. आम्ही लाकडाच्या ठकीला आणि चिंध्यांच्या बाहुलीला साडी नेसवून तिचं लग्न लावायचो, वऱ्हाडाला चुरमुरे वाढायचो. त्या आईला हे सांग. वादासाठी नाही. ती काळजीपोटी बोलतेय म्हणून.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. लग्नाचा खेळ चालला होता. सात वर्षांची एक मुलगी दुसरीला म्हणाली, "तू काळी आहेस, तुझी बाहुली नवरी नाही होणार, ती भांडी घासणार." दुसरीने काही न बोलता हातातली बाहुली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी गेले. भाषण दिलं नाही. पहिलीला एवढंच म्हणाले, "बाहुलीला काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण कुणाच्या रंगावरून कुणाला काही सांगायचं नाही. आपल्या घरात ते चालत नाही." भिंतीकडे बसलेल्या मुलीजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने ती माझ्या मांडीवर आली.

रात्री पिशवी उघडून बघितली. अकरा बाहुल्या, अकराही गोऱ्या, सोनेरी केसांच्या. मुलगी जे बोलली ते तिला मीच रोज दुपारी दिवाणावर मांडून दाखवत होते. बार्बीच्या कंपनीने २०१६ साली वेगवेगळ्या बांध्याच्या आणि आणखी वर्णांच्या बाहुल्या काढल्या हे मला खूप उशिरा कळलं. तेव्हा मी जुन्या तपकिरी परकराची एक बाहुली शिवली, लोकरीची काळी वेणी घातली, आणि खणाच्या तुकड्याचं नऊवारी नेसवलं. खोटं सांगत नाही, पहिले पंधरा दिवस तिला कुणी हात लावला नाही. मग एकीला तिचं नऊवारी बाकीच्या बाहुल्यांना नेसवायचं होतं, ते काही केल्या बसेना, आणि म्हणून शेवटी नवरीच बदलली. तुझ्या पिशवीत बघ कोण कोण आहे. नसेल तर आण किंवा शिव.

खेळात आपण कधी पडायचं, याची खूण मला त्या दुपारी सापडली. गोष्ट बाहुलीवर आहे तोवर गप्प बसायचं. ती बाहुलीवरून उठून जिवंत मुलावर बसली की उठायचं.

मुलगे खेळले तर खेळू देत. त्यांना पिशवीतला एकुलता केन, म्हणजे बार्बीचा जोडीदार बाहुला, देऊन बाजूला बसवू नकोस. माझ्याकडचा एक मुलगा सहा-सात महिने फक्त बाहुल्यांचे कपडे करायचा, मोज्यांचे घागरे, रुमालाचे झगे. त्याचे आजोबा न्यायला आले की कपाळाला आठ्या पडायच्या. एकदा मी त्यांना त्याने केलेला सदरा दाखवला, बाही कशी बसवलीय ते. आजोबांनी चष्मा लावून तो उलटसुलट करून बघितला आणि नातवाला विचारलं, "काखेत पट्टी नाही लावलीस?"

बाहुल्यांचे कपडे काढणं हा मुलांचा पहिला उद्योग असतो. "शी" म्हणू नकोस, हसू नकोस. कुतूहल असतं. पिशवीत जाताना प्रत्येकीच्या अंगावर काहीतरी हवं, एवढं पुरे. प्रश्न आला तर अवयवाचं नाव साध्या आवाजात सांग. पण एखाद्या मुलाने बाहुल्यांकडून वयाला न शोभणारं काही करवलं, ते पुन्हा पुन्हा केलं, किंवा तेव्हा ते घाबरलेलं दिसलं, तर तिथे उलटतपासणी घेऊ नकोस. जवळ बस, ऐक. तारीख, वेळ आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहून ठेव. चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करून सल्ला घे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर ती कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. घाबरू नकोस, मला कुठल्याही वेळी फोन कर.

एरवी खेळात घरं उघडी पडतात ती साधी असतात. बार्बी कानाला हात लावून म्हणते, "मी मीटिंगमध्ये आहे, रडू नकोस." हे त्या मुलीच्या आईला सांगायचं नाही आणि दुसऱ्या आईला तर मुळीच नाही. ती आई फास्ट लोकलमध्ये दीड तास उभी राहून तुझ्या दारात येते. तिला सांग, आज पूर्ण वाटी वरण-भात खाल्ला.

नियम मुलांना बसवून सांग, पण एका वेळी तीनच. बूट डब्यात, खेळ दिवाणावर, कंगवा बाहुलीचा. वाचता न येणाऱ्यांसाठी डब्याच्या झाकणावर बुटाचं चित्र काढून चिकटव. पाळला गेला नाही तर त्या दिवसापुरती पिशवी बंद, ओरडणं नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची, कालचं काढायचं नाही.

येत्या रविवारी माझा भाचा तुझ्याकडे येतोय. त्याच्याबरोबर नऊवारीतली बाहुली आणि श्रीखंडाचा डबा पाठवते. डब्यात सतरा बूट आहेत. अठरावा मी त्या दिवशीच खिडकीतून फेकून दिला होता. हातात आल्यावर मोजून घे आणि मला कळव.

तुझी,
मावशी