मंदी आली की पुरातत्त्वातल्या नोकऱ्यांचं काय होतं? ब्रिटनला जावं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात पुरातत्त्वात एमए करतोय, पुढे ब्रिटनमध्ये एखाद्या खासगी उत्खनन युनिटमध्ये नोकरी करायचा विचार आहे, पण मंदी आली तर अशा नोकऱ्या टिकतात का.

नाही टिकत. बांधकाम क्षेत्रातल्या इतर सगळ्यांच्या आधी त्या जातात.

कारण सरळ आहे. तिथे बहुतेक उत्खननाचा पैसा सरकार देत नाही, बिल्डर देतो. 1989 मध्ये लंडनला एका ऑफिसच्या इमारतीचा पाया खणताना शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ थिएटरचे अवशेष निघाले, ते वाचवायला लोक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1990 मध्ये, पीपीजी 16 नावाची बांधकाम-परवानग्यांसाठीची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आली. जमिनीखालचं ज्याच्या बांधकामामुळे नष्ट होणार, खर्च त्यानंच करायचा. त्या एका कागदावर अख्खा व्यवसाय उभा राहिला. 2007 मध्ये ब्रिटनमध्ये अंदाजे 6,865 लोक पुरातत्त्वात नोकरी करत होते. मग 2008 ची मंदी आली, आणि 2012 च्या अखेरीस उरले 4,792. आयर्लंडमध्ये तर याहून वाईट झालं. तिथे 2007 मध्ये मोटारवे आणि घरबांधणीच्या जोरावर 1,709 जण कामाला होते, छोट्याशा देशात. दोन-तीन वर्षांत त्यातले बहुतेक घरी बसले.

आणि आधी का जातात, तर साइटवर पहिलं पाऊल पुरातत्त्ववाल्यांचं असतं. क्रेन, काँक्रीट, गवंडी सगळे नंतर. बँकांनी कर्जं आखडली की नवी जमीन घेणं थांबतं, परवानगीचे अर्ज थांबतात, म्हणजे जमिनीखाली काही आहे का ते बघायला आम्ही खणतो त्या चाचणी-चरी थांबतात. सुरू असलेल्या इमारती मात्र पुढे वर्षभर चढतच असतात. सप्टेंबर 2007 मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. वर्तमानपत्रं तेव्हा मंदी येणार की नाही याची चर्चा करत होती. आमच्या युनिटमध्ये पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवीन टेंडरं येणं जवळजवळ बंद झालं होतं.

मी तेव्हा इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स भागात साइट असिस्टंट, म्हणजे प्रत्यक्ष खणणारी, होते. डेक्कन कॉलेजचं एमए, मग तिकडचं एक मास्टर्स, आणि 2008 च्या जूनअखेरीस सुरू झालेला पोस्ट-स्टडी वर्कचा व्हिसा. एका गावाच्या कडेला घरांची मोठी वसाहत होणार होती, तिथलं काम होतं. आधी लोहयुगातल्या शेतवाडीचे खंदक निघाले, मग त्यांच्यावर रोमन काळातली वस्ती, आणि शेवटी एका कोपऱ्यात भांडी भाजायची भट्टी. भट्टी सापडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. भाजून लाल-काळी झालेली मातीची भिंत, कोसळलेल्या घुमटाचे तुकडे, तोंडाशी राखेचा थर, आणि बाजूच्या खड्ड्यात भाजताना तडकलेली, वाकडी झालेली, फेकून दिलेली भांडी. तीच सगळ्यात मोलाची, कारण ती विकली गेली नाहीत, म्हणजे ती तिथेच घडली हे नक्की.

आम्ही अर्धी भट्टी खणली, उभ्या छेदाचं 1:10 चं रेखाटन केलं, प्रत्येक थराच्या नोंदीची कॉन्टेक्स्ट शीटं भरली. उरलेली अर्धी पुढच्या आठवड्यात घ्यायची होती. तोवर बिल्डरनं बिलं चुकती करणं बंद केलं. शुक्रवारी दुपारी प्रोजेक्ट मॅनेजर आला. ओळीत उभं करून सांगितलं की सोमवारपासून साइट नाही. उघड्या भागावर टेरॅमचं, म्हणजे जमीन झाकायचं, कापड अंथरलं आणि जेसीबीनं माती परत लोटली. आमच्यातल्या बहुतेकांचे करार त्या साइटपुरतेच होते, त्यामुळे कुणाला 'काढलं' असं कागदावर आलंच नाही. करार संपला, एवढंच. मला आणखी काही महिने खापरं धुवायला ठेवलं. टूथब्रश, बादली, वाळवायच्या जाळ्या. पगार साइटपेक्षाही कमी.

पण मला सांगायचंय ते माझ्या नोकरीबद्दल नाही. त्या युनिटमध्ये एक मृद्भांडी तज्ज्ञ होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. खापराचा कोपरा पक्कडीनं मोडायच्या, ताजा तुकडा भिंगाखाली धरायच्या आणि मला बघायला लावायच्या. हे शिंपल्याचे कण दिसतात ना, हे बेडफर्डशरमधल्या हॅरल्डच्या भट्ट्यांकडचं असू शकतं. हे पांढरट अंगाचं, वर गडद रंगाचा हात दिलेलं, हे नेन नदीच्या खोऱ्यातलं, दुसऱ्या शतकाच्या मध्यानंतरचं. आणि आपल्या भट्टीतलं राखाडी भांडं या दोन्हींपेक्षा वेगळं, वाळू जाड आहे बघ. त्यांच्याकडे लाकडी खणांत जिल्ह्यातल्या खापरांचे नमुने होते, प्रत्येकाखाली हातानं लिहिलेली चिठ्ठी. वीस-पंचवीस वर्षांचं काम. त्यातलं फार थोडं छापून आलं होतं. दुसऱ्या कपातीत त्यांना काढलं. का, तर त्यांचा पगार साइटवरच्या दोघांएवढा होता आणि रिपोर्टचं काम 'नंतर करता येईल'.

काही वर्षांनी जमीन दुसऱ्या बिल्डरकडे गेली, टेंडर दुसऱ्या युनिटला मिळालं, अर्थात सगळ्यात कमी आकड्याचं. उरलेली अर्धी भट्टी त्यांनी खणली. मी तो रिपोर्ट मुद्दाम मिळवून वाचला. भट्टीतल्या भांड्यांबद्दल लिहिलं होतं: स्थानिक ग्रेवेअर, म्हणजे इथलीच राखाडी भांडी. बस. आमच्या अर्ध्या भागाची खोकी दुसऱ्या गोदामात होती, ती कुणी उघडून शेजारी ठेवली नव्हती. एकाच भट्टीचे दोन अर्धे, दोन नोंदपद्धती, आणि दोन्ही जुळवू शकणारी बाई तोवर व्यवसायातून बाहेर गेलेली.

मला हे का बोचतं, तर माझे मोठे दीर. सिव्हिल इंजिनीअर आहेत, पुण्यात. मी परत आले तेव्हा भाऊजी म्हणाले, "अगं, ज्या धंद्याला गिऱ्हाईकच नाही तो मंदीत बुडणारच. कायदा आहे म्हणून बिल्डर पैसे देतो, नाहीतर कोण देईल? आणि बांधकाम थांबलं तर तुमचं चांगलंच आहे, जमिनीखालचं जमिनीखाली राहिलं." हे वाक्य मी प्रत्येक दिवाळीला ऐकत आलेय.

भाऊजींच्या बोलण्याच्या दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर वर दिलंच आहे. बांधकाम थांबतं, पण आधी खणून काढलेलं तर बाहेर आलेलं असतं. ते खोक्यांत पडून राहतं आणि त्याचा अर्थ लावणारी माणसं पांगतात. पहिल्या अर्ध्याबद्दल: मैलापाण्याची लाइनसुद्धा कुठला बिल्डर हौसेनं टाकत नाही, कायदा आहे म्हणून टाकतो. म्हणून तिला गिऱ्हाईक नाही असं भाऊजी म्हणतील का? गिऱ्हाईक त्या गावातली माणसं आहेत, बिल्डर फक्त बिल भरतो. खरा दोष इथेच आहे. ज्याला रिपोर्ट नकोच आहे, परवानगीतली एक अट उठली की झालं, त्याच्या खिशावर हा व्यवसाय टांगून ठेवला. तेजीत माणसं कमी पडली, मंदीत रस्त्यावर आली. फ्रान्सनं 2001 मध्ये कायदा केला, बांधकामावर वेगळा कर लावला आणि इनराप ही सरकारी संस्था काढली. कायम नोकरीतली सुमारे दोन हजार माणसं. तिथेही कुरबुरी आहेत, 2003 पासून खासगी स्पर्धाही आली, पण आयर्लंडसारखी धूळधाण झाली नाही. आपल्याकडेही नागार्जुनसागर धरण होताना 1954 ते 1960 नागार्जुनकोंड्याचं उत्खनन सरकारी पैशानं झालंच की.

ब्रिटनमध्ये पुढे काय झालं तेही बघा. 2010 च्या खर्चकपातीत इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचं अनुदान 32 टक्क्यांनी कापलं, नगरपालिकांनी आपले पुरातत्त्व सल्लागार कमी केले, मँचेस्टर विद्यापीठाचं युनिट तर 2009 मध्येच बंद झालं होतं. मग लंडनमधली क्रॉसरेल रेल्वे आली, केंब्रिजजवळचा ए 14 रस्ता आला, एचएस 2 रेल्वे आली, आणि एकदम माणसं मिळेनात. 2019 मध्ये पुरातत्त्वज्ञ चक्क व्हिसासाठीच्या, टंचाई असलेल्या व्यवसायांच्या सरकारी यादीत गेले. दहा वर्षांपूर्वी ज्यांना घरी पाठवलं तेच हवे होते. त्यातले किती तरी शिक्षक, प्लंबर, विमा एजंट झाले होते. साहजिकच परत आले नाहीत. 2023 मध्ये एचएस 2 चा मँचेस्टरकडचा टप्पा रद्द झाला. म्हणजे चक्र सुरूच आहे.

तर जावं का? जा, पण नुसतं खणायला जाऊ नका. ट्राउल (खणायची छोटी थापी) चालवणारा हात पहिल्या फटक्यात सुटतो. खापरं, हाडं, जळकं धान्य, भूभौतिक सर्वेक्षण (न खणता यंत्रानं जमिनीखालचं बघणं), यातलं एक काहीतरी नीट धरा. आता तुम्ही म्हणाल, त्या बाई तज्ज्ञच होत्या, तरी गेल्या. बरोबर आहे. पण त्या युनिटमधून गेल्या, त्यांचं ज्ञान त्यांच्याकडेच राहिलं, आणि जगणंही त्यावर काही काळ सुटं काम घेऊन चाललं. आमच्यासारख्यांकडे तेही नव्हतं. मी परत आल्यावर मला काम मिळालं ते खापरांमुळेच, खणण्यामुळे नाही. आणि जे कराल ते छापा. खणात चिठ्ठ्या घालून ठेवू नका.

भारतात राहिलात तर मंदीचा फटका असा बसणार नाही, कारण इथे बिल्डरच्या पैशावर चालणारं उत्खनन जवळपास नाहीच. इथे तेजीतही जागा निघत नाहीत. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं ट्रॅक्टरनं उचलून नेतात आणि तिथे कुणी फिरकत नाही. दोन्हींतलं काय बरं ते तुमच्या स्वभावावर आहे. मला विचाराल तर तिकडचं शिस्तीचं नोंदकाम शिकून इकडे येणं सगळ्यात उपयोगाचं.

हे सगळं 2008 चं आहे, हे ध्यानात ठेवा. कोविडमध्ये चित्र वेगळं होतं, बांधकामाच्या साइटी चालू राहिल्या तशी युनिटंही चालू राहिली. व्हिसाचंही तसंच. मी ज्यावर राहिले तो मार्ग एप्रिल 2012 मध्ये बंद झाला, मग 2021 मध्ये दुसऱ्या नावानं आला. जुन्या कुणाच्या सांगण्यावर तिकीट काढू नका, नियम स्वतः वाचा. कर्ज काढून जाणार असाल तर पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून हप्ता निघेल हे गृहीत धरू नका, साइट असिस्टंटच्या पगारात तो निघत नाही.

एमएच्या प्रबंधाला काय विषय घेतलाय ते खाली लिहा. खापरं असतील तर कुठल्या काळातली, तेही लिहा, म्हणजे तिकडे कुठल्या भागातल्या युनिटांना विचारायचं ते सांगता येईल.