कोऱ्या कागदाचा वीट

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि मासिकांसाठी चित्रे काढतो. श्रावणापासून रात्री जागून सात दिवाळी अंकांची मुखपृष्ठे केली. अंक बाजारात आल्यापासून तीन आठवडे कुंचल्याला हात लावलेला नाही. दिवसभर मोबाइलवर इतरांची मुखपृष्ठे पाहतो. तरीही कोरा कागद समोर आला की वीट येतो आणि रिकामे बसल्याची टोचणी लागते. हा आळस म्हणावा का?

उत्तर : आळशी माणसाला अशी टोचणी लागत नाही, तेव्हा तो शब्द बाजूला ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने येणारी अवस्था म्हणून केली असून, त्राण संपणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे ही तिची तीन अंगे सांगितली आहेत. नुसता शीण बहुधा झोपेने उतरतो. आपल्याला कागदच नकोसा झाला आहे, म्हणजे दुसरे अंग डोकावते आहे.

शिवाय या तीन आठवड्यांत आपला हात थांबला, डोळा मात्र कामावरच राहिला. दुसऱ्याचे मुखपृष्ठ पाहताना चित्रकार रंगसंगती तोलतो, अक्षरांची जागा तपासतो आणि मनातल्या मनात स्वतःला गुण देतो; याला सुट्टी कशी म्हणावी? काही दिवस मोबाइल दूर ठेवून सकाळी तलावपाळीला फेरी मारावी किंवा येऊरची वाट धरावी, पण वही घरी ठेवावी, नाहीतर तलावातल्या होड्यांचेही मुखपृष्ठ होईल. कणीक मळणे, कुंड्यांतली माती बदलणे अशी ज्यांना कोणी दाद देणार नाही ती कामे हाताला द्यावीत. झोप आणि भूकच उडाली असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटावे; शासनाची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

राहिला पुढच्या वर्षाचा प्रश्न. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा हंगाम ठरलेला आहे, त्यामुळे किती मुखपृष्ठे घ्यायची आणि शेवटचे दिल्यानंतर कोणते दिवस मोकळे ठेवायचे, हे आषाढातच ठरवून टाकावे. ‘उद्या सकाळपर्यंत द्या’ म्हणणाऱ्या संपादकांत आम्हीही मोडतो. आकडा भरल्यावर आमचा फोन आला, तरी नाही म्हणावे.